मल्टिकास्ट राउटिंग

मल्टिकास्ट राउटिंग ही संगणक नेटवर्कमधील अशी मार्गनिर्देशन पद्धत आहे, जिच्यात एका स्रोताकडून निघालेले पॅकेट केवळ ते मागणाऱ्या अनेक प्राप्तकर्त्यांपर्यंत एकाच वेळी पोहोचवले जाते. स्रोत पॅकेटची एकच प्रत पाठवतो. वाटेत जेथे मार्ग फुटतो तेथील राउटर आवश्यक तेवढ्या प्रती तयार करतो. बँका, शेअर बाजार, विद्यापीठे, रुग्णालये, दूरचित्रवाणी सेवा व मोठ्या कंपन्या यांच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये थेट चित्रप्रक्षेपण, बाजारभाव, निगराणी कॅमेऱ्यांची चित्रे आणि संगणकांवर एकाच वेळी सॉफ्टवेअर चढवणे अशा कामांसाठी ही पद्धत वापरली जाते.

नेहमीच्या युनिकास्ट राउटिंगमध्ये राउटर प्रत्येक पॅकेटबाबत 'हे कोठे जायचे आहे?' हा प्रश्न विचारतो. मल्टिकास्टमध्ये तो आधी 'हे कोठून आले?' आणि मग 'हे कोणी मागितले आहे?' असे दोन प्रश्न विचारतो. मल्टिकास्टचे प्रोटोकॉल, राउटरवरील त्याची मांडणी व त्यात येणारे बहुतेक दोष या फरकातून समजतात.

गरज

एखाद्या संस्थेत ४ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाचे चित्रप्रक्षेपण ५०० कर्मचारी पाहत आहेत असे मानल्यास युनिकास्ट पद्धतीत सर्व्हरला ५०० स्वतंत्र प्रवाह, म्हणजे २,००० मेगाबिट प्रतिसेकंद एवढा डेटा पाठवावा लागतो. १ गिगाबिट क्षमतेच्या जोडणीवर हे शक्य नाही. प्रेक्षक वाढले की भार त्याच प्रमाणात वाढतो. ब्रॉडकास्ट पद्धतीत एकच प्रत पुरते, परंतु ती त्या स्थानिक नेटवर्कमधील प्रत्येक संगणकाला, मागणी नसतानाही, स्वीकारावी लागते आणि राउटर ब्रॉडकास्ट पुढे जाऊ देत नाही.

मल्टिकास्टमध्ये कोणत्याही एका जोडणीवरून त्या प्रवाहाची एकच प्रत जाते. वरील उदाहरणात सर्व्हरकडून ४ मेगाबिट प्रतिसेकंद एवढाच प्रवाह निघतो, मग प्रेक्षक ५०० असोत वा ५,०००. याची किंमत वेगळ्या ठिकाणी चुकवावी लागते. कोणत्या समूहाचे पॅकेट कोणत्या इंटरफेसवरून पुढे पाठवायचे, याची नोंद वाटेतील प्रत्येक राउटरला ठेवावी लागते. युनिकास्टमध्ये भार सर्व्हर व जोडण्यांवर पडतो, तर मल्टिकास्टमध्ये तो राउटरच्या स्मृतीवर आणि मांडणीच्या अचूकतेवर येतो.

इतिहास

मल्टिकास्ट राउटिंगची मूळ कल्पना ब्रॉडकास्टच्या अभ्यासातून आली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर योगेन दलाल व इथरनेटचे जनक रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७८ मध्ये 'रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंग' ही पद्धत मांडली. स्रोताकडे परत जाण्याचा जो सर्वांत जवळचा मार्ग आहे, त्याच मार्गाने आलेले पॅकेट पुढे पाठवायचे व इतर मार्गांनी आलेले टाकून द्यायचे, असे तिचे तत्त्व होते. आजच्या बहुतेक मल्टिकास्ट प्रोटोकॉलचा पाया हेच तत्त्व आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीफन डीअरिंग यांनी डेव्हिड चेरिटन यांच्यासह १९८० च्या दशकात इंटरनेट प्रोटोकॉलसाठी मल्टिकास्टचे प्रारूप विकसित केले. ऑगस्ट १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १११२ या दस्तऐवजाने संगणकांनी मल्टिकास्ट समूहात कसे सामील व्हावे हे निश्चित केले. त्यापूर्वी नोव्हेंबर १९८८ मध्ये डीव्हीएमआरपी हा पहिला मल्टिकास्ट राउटिंग प्रोटोकॉल आरएफसी १०७५ द्वारे मांडला गेला होता.

१९९२ मध्ये एमबोन हे प्रायोगिक नेटवर्क उभे राहिले. तेव्हाच्या बहुतेक राउटरना मल्टिकास्ट कळत नसल्याने मल्टिकास्ट जाणणारे संगणक बोगद्यांसारख्या आभासी जोडण्यांनी परस्परांशी जोडले गेले. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील आयईटीएफच्या बैठकीचा ध्वनी याच मार्गाने २० ठिकाणी ऐकवण्यात आला.

डीव्हीएमआरपी व ओएसपीएफवर आधारलेला एमओएसपीएफ हे प्रोटोकॉल विशिष्ट युनिकास्ट पद्धतीशी बांधलेले होते. १९९० च्या दशकात तयार झालेला प्रोटोकॉल इंडिपेंडंट मल्टिकास्ट, म्हणजेच पिम, या बंधनातून मुक्त होता. युनिकास्ट तक्ता कोणत्याही प्रोटोकॉलने भरलेला असो, पिम त्याचाच आधार घेतो. पिमच्या स्पार्स मोडचे वर्णन १९९७ मध्ये आरएफसी २११७ मध्ये आले. त्यानंतर १९९८, २००६ व मार्च २०१६ मध्ये सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी २०१६ ची आवृत्ती आरएफसी ७७६१ या क्रमांकाची आहे.

समूह पत्ते

आयपीव्ही४ मध्ये २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हा पट्टा मल्टिकास्टसाठी राखीव आहे. यातील पत्ता कोणत्याही एका यंत्राचा नसून तो समूहाचा असतो. पॅकेटच्या गंतव्यस्थानी समूह पत्ता येतो, स्रोताच्या जागी मात्र नेहमी एका यंत्राचाच पत्ता असतो. या पट्ट्यातील महत्त्वाचे भाग असे:

- २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ : केवळ एका स्थानिक जोडणीपुरते. राउटर ही पॅकेट पुढे पाठवत नाही. ओएसपीएफ २२४.०.०.५ व २२४.०.०.६, तर पिम २२४.०.०.१३ हा पत्ता वापरतो. प्रिंटर व दूरचित्रवाणी संच आपोआप शोधणारा एमडीएनएस २२४.०.०.२५१ वापरतो. म्हणूनच दुसऱ्या विभागातील प्रिंटर आपोआप दिसत नाही.
- २३२.०.०.०/८ : विशिष्ट स्रोताच्या मल्टिकास्टसाठी, म्हणजे एसएसएमसाठी.
- २३९.०.०.०/८ : संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी. युनिकास्टमधील खासगी पत्त्यांशी याची तुलना करता येते. जुलै १९९८ मधील आरएफसी २३६५ मध्ये याचे नियम आहेत.

इथरनेटवर समूह पत्त्याचे रूपांतर ०१:००:५ई ने सुरू होणाऱ्या मॅक पत्त्यात होते. समूह पत्त्यातील बदलते बिट २८ असतात, परंतु मॅक पत्त्यात त्यांपैकी शेवटचे २३ च घेतले जातात. उरलेले ५ बिट गळाल्याने ३२ वेगवेगळ्या समूहांना एकच मॅक पत्ता मिळतो. पत्त्यांचे नियोजन करताना याकडे दुर्लक्ष केल्यास त्रास होतो. उदाहरणार्थ, २३९.०.०.५ व २३९.१२८.०.५ या दोहोंचा मॅक पत्ता २२४.०.०.५ च्या मॅक पत्त्याशी जुळतो. स्थानिक नियंत्रणाची पॅकेट स्विच सर्व पोर्टवर सोडत असल्याने अशा समूहातील चित्रप्रवाहही सर्वत्र पसरण्याची शक्यता असते. त्यामुळे २३९.०.०.० व २३९.१२८.०.० यांपासून सुरू होणारे २५६ पत्त्यांचे गट वापरू नयेत, असा संकेत आहे.

कार्यपद्धती

सदस्यनोंदणी

एखाद्या संगणकाला समूहाचे पॅकेट हवे असल्यास तो आपल्या स्थानिक जोडणीवर आयजीएमपी या प्रोटोकॉलने तसे कळवतो. आयपीव्ही६ मध्ये हेच काम एमएलडी करतो. राउटर ठरावीक काळाने 'कोणाला कोणता समूह हवा आहे?' अशी विचारणा करतो. मानकानुसार हा काळ १२५ सेकंदांचा आहे, काही उत्पादक तो ६० सेकंद ठेवतात. उत्तर येणे थांबले की नोंद काही काळाने रद्द होते.

आयजीएमपीच्या तीन आवृत्त्या आहेत. पहिलीत समूह सोडल्याचे कळवण्याची सोय नव्हती. १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती आली. २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'हा समूह हवा, पण फक्त या स्रोताकडून' असे सांगता येऊ लागले. एकाच जोडणीवर अनेक राउटर असल्यास सर्वांत लहान आयपी पत्त्याचा राउटर विचारणा करतो.

स्रोत पाठवू लागण्यापूर्वी कोणतीही नोंदणी करत नाही आणि आपले किती प्राप्तकर्ते आहेत हेही त्याला कळत नाही.

उलट मार्ग तपासणी

पॅकेटच्या प्रती काढत पुढे पाठवणाऱ्या नेटवर्कमध्ये वर्तुळाकार मार्ग निर्माण झाला, तर प्रती वाढत जाऊन नेटवर्क ठप्प होऊ शकते. हे टाळण्यासाठी राउटर उलट मार्ग तपासणी करतो. पॅकेटच्या स्रोताचा पत्ता तो आपल्या युनिकास्ट तक्त्यात शोधतो. त्या स्रोताकडे जायचे असते तर ज्या इंटरफेसने जावे लागले असते, त्याच इंटरफेसवर पॅकेट आले असेल तर ते स्वीकारतो. अन्यथा ते पॅकेट टाकून देतो.

यामुळे मल्टिकास्टचा मार्ग युनिकास्टच्या मार्गावर अवलंबून राहतो. युनिकास्ट तक्त्यात बदल झाला, की मल्टिकास्टचा स्वीकारार्ह इंटरफेसही बदलतो.

वितरणवृक्ष

प्राप्तकर्त्याच्या जवळचा राउटर मागणीचा संदेश स्रोताच्या दिशेने एकेका राउटरमार्गे पुढे पाठवतो. ज्या इंटरफेसवर हा संदेश येतो, तो प्रत्येक राउटर 'जाणाऱ्या इंटरफेसच्या यादीत' घेतो. या नोंदींमधून जो मार्गसमूह तयार होतो त्याला वितरणवृक्ष म्हणतात. वृक्षाची वाढ पानांकडून मुळाकडे होते, तर पॅकेट मुळाकडून पानांकडे वाहतात. वृक्षाचे दोन प्रकार आहेत:

- स्रोतवृक्ष : याचे मूळ स्रोतापाशी असते. राउटरमध्ये त्याची नोंद (एस, जी) अशी केली जाते. एस म्हणजे स्रोत व जी म्हणजे समूह. मार्ग सर्वांत जवळचा मिळतो, परंतु प्रत्येक स्रोतासाठी वेगळी नोंद लागते.
- सामायिक वृक्ष : याचे मूळ रॉन्देव्हू पॉइंट, संक्षेपात आरपी, या ठरवून दिलेल्या राउटरपाशी असते. नोंद (*, जी) अशी असते. तारांकन म्हणजे कोणताही स्रोत. नोंदी कमी लागतात, परंतु मार्ग लांबचा असू शकतो.

पिमचे प्रकार

डेन्स मोड : यात पॅकेट आधी सर्वत्र सोडले जातात आणि ज्यांना नको ते राउटर तसे कळवून स्वतःची फांदी छाटून घेतात. ही छाटणी काही मिनिटांत संपते व पूर पुन्हा येतो. त्यामुळे मोठ्या नेटवर्कमध्ये हा प्रकार वापरणे टाळतात.

स्पार्स मोड : यात मागणी आल्याशिवाय काहीही पाठवले जात नाही. स्रोत कोणता आहे हे प्राप्तकर्त्याकडील राउटरला ठाऊक नसते, म्हणून तो मागणी आरपीकडे पाठवतो. दुसऱ्या बाजूस स्रोताकडील राउटर पहिली पॅकेट युनिकास्ट संदेशात गुंडाळून आरपीकडे नेतो. याला रजिस्टर संदेश म्हणतात. आरपीपाशी मागणी व पुरवठा यांची गाठ पडते. त्यानंतर आरपी स्वतः स्रोताच्या दिशेने वृक्ष बांधतो आणि गुंडाळणे थांबवण्यास कळवतो. पहिले पॅकेट मिळताच प्राप्तकर्त्याकडील राउटरला स्रोताचा पत्ता समजतो व तो थेट स्रोतवृक्षावर जाऊ शकतो. सिस्कोच्या राउटरमध्ये हा बदल पहिल्या पॅकेटलाच होतो. म्हणजे आरपी हा बहुतेकदा केवळ ओळख करून देणारा असतो, नंतरची वाहतूक त्याच्यामार्गे होईलच असे नाही.

विशिष्ट स्रोत मल्टिकास्ट : एसएसएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात प्राप्तकर्ता समूहासोबत स्रोताचा पत्ताही देतो. त्यामुळे आरपी, सामायिक वृक्ष व रजिस्टर संदेश या तिन्हींची गरज उरत नाही. २००६ मधील आरएफसी ४६०७ मध्ये याचे मानक आहे. यासाठी संगणक, स्विच व राउटर या सर्वांना आयजीएमपीची तिसरी आवृत्ती यावी लागते.

द्विदिश पिम : अनेक यंत्रे एकाच वेळी स्रोत व प्राप्तकर्ती असतात अशा वापरासाठी, २००७ मधील आरएफसी ५०१५ नुसार. यात केवळ (*, जी) नोंदी राहतात.

आरपीची निवड

स्पार्स मोडमध्ये एखाद्या समूहाचा आरपी कोणता याबाबत नेटवर्कमधील सर्व राउटरांचे एकमत असणे अनिवार्य आहे. एका राउटरने मागणी एका आरपीकडे व दुसऱ्याने पुरवठा भलत्याच आरपीकडे नेला, तर दोघांची भेट होत नाही आणि कोणताही दोषसंदेशही दिसत नाही. आरपी कळवण्याचे मार्ग पुढीलप्रमाणे:

- स्थिर नोंद : प्रत्येक राउटरवर आरपीचा पत्ता हाताने लिहिणे. लहान नेटवर्कमध्ये हे सोपे असते, पण एका राउटरवर चुकीचा अंक पडल्यास केवळ त्यामागील प्राप्तकर्ते वंचित राहतात.
- ऑटो-आरपी : सिस्कोची पद्धत. २२४.०.१.३९ व २२४.०.१.४० या समूहांवर घोषणा होते. मल्टिकास्टची माहिती मल्टिकास्टनेच पोहोचवायची असल्याने या दोन समूहांपुरता डेन्स मोड चालू ठेवावा लागतो.
- बीएसआर : पिमचाच भाग असलेली, उत्पादकनिरपेक्ष पद्धत. आरएफसी ५०५९ मध्ये तिचे वर्णन आहे.
- एनीकास्ट आरपी : दोन किंवा अधिक राउटरना आरपीचा एकच पत्ता दिला जातो. प्रत्येक राउटर जवळच्या आरपीकडे जातो व एक बंद पडल्यास युनिकास्ट मार्ग आपोआप दुसऱ्याकडे वळतो. स्रोतांची माहिती हे आरपी एमएसडीपी अथवा पिमच्या संदेशांद्वारे परस्परांना देतात.

राउटरवरील मांडणी

पुढील उदाहरणात मुख्यालयातील चित्र-सर्व्हरचा पत्ता १०.१.१०.५, समूह २३९.१०.१०.१ आणि आरपीचा पत्ता १०.२५५.०.१ असा मानला आहे. राउटरला दिल्या जाणाऱ्या आज्ञा रोमन लिपीत असतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

१. युनिकास्टची खातरजमा : प्रत्येक राउटरच्या तक्त्यात स्रोताकडे व आरपीकडे जाणारा मार्ग असावा. नुसती 'पिंग' यशस्वी होणे पुरेसे नाही, मार्ग कोणत्या इंटरफेसने जातो हे पाहावे लागते.

२. मल्टिकास्ट चालू करणे : सिस्कोच्या आयओएस प्रणालीत 'आयपी मल्टिकास्ट-राउटिंग' ही आज्ञा संपूर्ण राउटरसाठी एकदा द्यावी लागते. काही मॉडेलमध्ये तिच्यापुढे 'डिस्ट्रिब्युटेड' हा शब्द लागतो. ही आज्ञा नसल्यास पुढील मांडणी निष्फळ ठरते.

३. इंटरफेसवर पिम : 'आयपी पिम स्पार्स-मोड' ही आज्ञा राउटरांमधील सर्व जोडण्यांवर, स्रोताच्या व प्राप्तकर्त्यांच्या बाजूच्या इंटरफेसवर आणि आरपीचा पत्ता ज्यावर आहे त्या लूपबॅक इंटरफेसवर दिली जाते. सिस्कोमध्ये पिम चालू होताच त्या इंटरफेसवर आयजीएमपीही चालू होतो. ज्युनिपरच्या जुनोस प्रणालीत हीच कामे 'प्रोटोकॉल्स पिम' या विभागात इंटरफेस व मोड लिहून होतात.

४. आरपी : 'आयपी पिम आरपी-ॲड्रेस १०.२५५.०.१' ही नोंद सर्व राउटरवर, आरपी असलेल्या राउटरवरही, करावी लागते. कोणत्या समूहांसाठी हा आरपी आहे हे सूचीद्वारे मर्यादित करता येते.

५. एसएसएम : आवश्यक असल्यास 'आयपी पिम एसएसएम डिफॉल्ट' ही आज्ञा २३२.०.०.०/८ हा पट्टा त्यासाठी राखते. प्राप्तकर्त्यांच्या इंटरफेसवर 'आयपी आयजीएमपी व्हर्जन ३' द्यावे लागते, कारण आयओएसमध्ये मूळ आवृत्ती दुसरी असते.

६. नियुक्त राउटर : एका जोडणीवर दोन राउटर असल्यास त्यांपैकी एक नियुक्त राउटर, म्हणजे डीआर, ठरतो व तोच आरपीशी व्यवहार करतो. प्राधान्यांक सारखे असल्यास सर्वांत मोठ्या आयपी पत्त्याचा राउटर निवडला जातो. आयजीएमपीची विचारणा करणारा राउटर सर्वांत लहान पत्त्याचा असल्याने ही दोन कामे दोन वेगळ्या राउटरकडे जाऊ शकतात.

७. सीमा : संस्थेबाहेर जाणाऱ्या इंटरफेसवर २३९.०.०.०/८ अडवणारी सीमा घालावी. अन्यथा अंतर्गत प्रवाह बाहेर जाऊ शकतात.

स्विच आणि वायरलेस

स्विचला मूळतः मल्टिकास्ट समूह कळत नाहीत, म्हणून तो अशी पॅकेट सर्व पोर्टवर सोडतो. आयजीएमपी स्नूपिंग या सोयीमुळे स्विच संगणक व राउटर यांच्यातील आयजीएमपी संदेश ऐकतो आणि मागणी करणाऱ्या पोर्टवरच प्रवाह सोडतो. २००६ मधील आरएफसी ४५४१ मध्ये यासंबंधी मार्गदर्शन आहे.

स्नूपिंग चालू आहे, पण त्या विभागात विचारणा करणारा कोणीही नाही, अशी स्थिती वारंवार आढळते. प्रवाह सुरुवातीला नीट चालतो, कारण संगणकाने सामील होताना संदेश पाठवलेला असतो. पुढे विचारणाच होत नसल्याने उत्तरे येत नाहीत. सुमारे चार-पाच मिनिटांनी स्विच नोंद पुसतो आणि चित्र थांबते. संगणक पुन्हा सामील झाला की तेवढाच काळ ते पुन्हा दिसते. राउटर नसलेल्या विभागात स्विचवरच विचारणाकर्ता चालू करणे हा त्यावरील उपाय आहे.

वाय-फायवर मल्टिकास्ट पॅकेट सहसा कमी वेगाने व पोचपावतीविना पाठवली जातात. त्यामुळे एक चित्रप्रवाहही इतरांचा वेळ खातो व पॅकेट अधिक गहाळ होतात. अनेक ॲक्सेस पॉइंट यासाठी मल्टिकास्टचे युनिकास्टमध्ये रूपांतर करतात.

पडताळणी व दोषशोध

वृक्ष प्राप्तकर्त्याकडून स्रोताकडे बांधला जात असल्याने दोषशोधही त्याच दिशेने करणे सोयीचे ठरते. त्याचा क्रम साधारणतः असा असतो:

- प्राप्तकर्त्याजवळच्या राउटरवर 'शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स' देऊन मागणी पोहोचली आहे का ते पाहणे. नसल्यास दोष संगणकात, स्विचमध्ये किंवा मधल्या फायरवॉलमध्ये असतो.
- 'शो आयपी पिम नेबर' ने शेजारी राउटर दिसतात का ते पाहणे. पिमचे हॅलो संदेश मूळ मांडणीत दर ३० सेकंदांनी जातात व १०५ सेकंदांत एकही न आल्यास शेजारी गेला असे मानले जाते.
- 'शो आयपी पिम आरपी मॅपिंग' ने सर्व राउटर एकाच आरपीवर सहमत आहेत का ते तपासणे.
- 'शो आयपी आरपीएफ' पुढे स्रोताचा पत्ता देऊन उलट मार्ग कोणत्या इंटरफेसने जातो ते पाहणे.
- 'शो आयपी एमराउट' मध्ये येणारा इंटरफेस व जाणाऱ्या इंटरफेसची यादी तपासणे. जाणारी यादी रिकामी असल्यास मागणी पोहोचलेली नाही. (एस, जी) नोंदीत येणाऱ्या इंटरफेसच्या जागी 'नल' दिसल्यास उलट मार्ग सापडलेला नाही.

सर्वांत फसवा दोष दोन जोडण्या असलेल्या शाखेत आढळतो. शाखा व मुख्यालय यांच्यात दोन मार्ग आहेत आणि पिम त्यांपैकी एकावरच चालू आहे असे मानल्यास, युनिकास्ट तक्त्यातील उत्तम मार्ग दुसऱ्या जोडणीने जाताच उलट मार्ग तपासणीही त्याच जोडणीकडे निर्देश करते. तेथे पिमचा शेजारी नसल्याने मागणी वर जात नाही आणि पहिल्या जोडणीवरून आलेले पॅकेट टाकून दिले जाते. पिंग, संकेतस्थळे व ईमेल मात्र विनाअडथळा चालू राहतात. म्हणून मूळ मार्गासह राखीव मार्गावरही पिम चालू ठेवणे आवश्यक मानले जाते.

दुसरे सामान्य कारण टीटीएल हे असते. बहुतेक संगणक प्रणाली मल्टिकास्ट पॅकेटचा टीटीएल मूळतः १ ठेवतात. असे पॅकेट पहिल्या राउटरवरच संपते. हा दोष स्रोताच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करावा लागतो, राउटरवरील मांडणीत नव्हे.

सुरक्षा आणि मर्यादा

मल्टिकास्टच्या मूळ प्रारूपात कोणीही कोणत्याही समूहाला पाठवू शकतो व कोणीही सामील होऊ शकतो. त्यामुळे आरपीवर कोणत्या स्रोतांचे रजिस्टर संदेश स्वीकारायचे याची सूची, अनोळखी पिम शेजारी नाकारणे, एका इंटरफेसवरील समूहांची संख्या मर्यादित करणे असे उपाय केले जातात. एसएसएममध्ये स्रोत आधीच ठरलेला असल्याने भलत्या स्रोताचा उपद्रव कमी होतो. आशयाची गोपनीयता मात्र कूटबद्धतेनेच राखता येते.

मल्टिकास्ट प्रामुख्याने यूडीपीवर चालतो. टीसीपीप्रमाणे गहाळ पॅकेट पुन्हा मागण्याची किंवा गर्दीनुसार वेग कमी करण्याची सोय त्यात नसते. ती जबाबदारी सॉफ्टवेअरवर येते. नेहमीचे आयपीसेक बोगदे मल्टिकास्ट वाहून नेत नसल्याने शाखांमध्ये त्याआधी जीआरई बोगदा वापरण्याची प्रथा आहे.

खुल्या इंटरनेटवर मल्टिकास्ट सार्वत्रिक झाला नाही. अनोळखी संस्थांच्या स्रोतांची नोंद आपल्या राउटरमध्ये ठेवणे, आरपींमध्ये समन्वय राखणे व सेवेचे शुल्क आकारणे ही कामे कठीण ठरली. ऑगस्ट २०२० मधील आरएफसी ८८१५ ने वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कांमध्ये कोणत्याही स्रोताचा मल्टिकास्ट वापरू नये व एसएसएम वापरावा, अशी शिफारस केली. एकाच प्रशासनाखालील नेटवर्कमध्ये मात्र मल्टिकास्टचा वापर टिकून आहे.

शेअर बाजारातील वापर

बाजारभावांच्या प्रसारणात मल्टिकास्टचे महत्त्व केवळ बँडविड्थपुरते नसते, तेथे वेळेच्या समानतेचाही प्रश्न असतो. युनिकास्टमध्ये सर्व्हर प्रत्येक ग्राहकाला क्रमाने स्वतंत्र प्रत पाठवतो, त्यामुळे रांगेत पुढे असलेल्याला माहिती आधी मिळते. मल्टिकास्टमध्ये प्रती नेटवर्कच्या यंत्रांत जवळजवळ एकाच वेळी तयार होतात.

मुंबईस्थित नॅशनल स्टॉक एक्सचेंजच्या को-लोकेशन सुविधेत प्रत्येक व्यवहाराची तपशीलवार माहिती पूर्वी टीसीपीवर आधारित पद्धतीने दिली जात असे. एप्रिल २०१४ मध्ये तेथे मल्टिकास्ट प्रसारण सुरू झाले. आधीच्या पद्धतीत काही दलालांना माहिती लवकर मिळत होती का, याची चौकशी सेबीने केली व ३० एप्रिल २०१९ रोजी एक्सचेंजला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये प्रतिभूती अपील न्यायाधिकरणाने ही वसुली रद्द केली, मात्र पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी रुपये गुंतवणूकदार संरक्षण निधीत भरण्यास सांगितले. प्रसारणाची पद्धत हा केवळ तांत्रिक तपशील नसून बाजारातील न्याय्यतेचाही भाग असतो, हे या प्रकरणातून पुढे आले.

मल्टिकास्ट प्रवाहातील पॅकेट गहाळ होऊ शकत असल्याने अनेक शेअर बाजार तीच माहिती दोन स्वतंत्र समूहांवर, शक्यतो दोन वेगळ्या मार्गांनी, पाठवतात. ग्राहकाचे सॉफ्टवेअर पॅकेटवरील अनुक्रमांक पाहून जे आधी येईल ते घेते व एका प्रवाहातील उणीव दुसऱ्यातून भरून काढते.

हेही पहा

- इंटरनेट प्रोटोकॉल
- राउटर
- युनिकास्ट
- ब्रॉडकास्ट
- एनीकास्ट
- ओएसपीएफ
- यूडीपी
- आयपीव्ही६